स्लीव्ह बदलली आणि पीस गळू लागले: ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचं सेटिंग बसवताना

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पंपाचं ॲल्युमिनियम कव्हर डाय कास्टिंगने, म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात (डायमध्ये) दाबाने मारून, ओतलं जायचं. ६०० ग्रॅमचा पीस, भिंत अडीच ते तीन मिलिमीटर, एका बाजूला जाड बॉस (भरीव गोल उंचवटा), आणि २५० टनांच्या जोराने डाय मिटून धरणारं कोल्ड चेंबर मशीन, ज्यात धातू वेगळ्या भट्टीतून आणून ओततात. बरेच महिने सुरळीत चाललेला हा जॉब एका जुलैत गळायला लागला. डायमधून निघाला की पीस देखणा, ट्रिमिंगनंतरही देखणा. मशीनिंग करून, आत हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवला की मात्र बुडबुडे. मी तेव्हा तिथे प्रोसेसचं काम बघत होतो. पहिल्या दोन दिवसांत आम्ही बहुतेक ठिकाणी करतात तेच केलं: प्रेशर वाढवलं. गळती तशीच राहिली, वर फ्लॅशही, म्हणजे डायच्या जोडातून बाहेर पडणारा धातूचा पापुद्राही, यायला लागला. भट्टीवरचे मामा म्हणाले, “मटेरियल आनि जरा तापवूया की, साहेब.” तेही केलं. आता पीस डायला चिकटायला लागले.

कारण तिसऱ्या दिवशी स्टोअरच्या वहीत सापडलं. आठवडाभर आधी ५० मिलिमीटर व्यासाची शॉट स्लीव्ह चिरली होती. स्लीव्ह म्हणजे आडवी नळी: तीत धातू ओततात आणि प्लंजर नावाचा दांडा तो डायमध्ये ढकलतो. तशीच दुसरी शिल्लक नव्हती, म्हणून ६० ची बसवली गेली. प्लंजरची टिपही (पुढचं टोक) ६० ची लावली. मशीनवरचे आकडे मात्र एकानेही बदलले नाहीत. व्यासात दहा मिलिमीटरचा फरक पडला, आणि त्याने वेग, दाब, वेळ आणि स्लीव्हचा भराव (तिचा किती भाग धातूने भरतो) अशा चार गोष्टी एकदम हलवल्या. तेव्हापासून कुठल्याही हलक्या धातूच्या पीसची तक्रार आली की मी एका ठरलेल्या क्रमाने जातो. तो क्रम, आकड्यांसकट, इथे मांडतो आहे. उदाहरण शेवटपर्यंत याच कव्हरचं घेतलं आहे.

आधी पीस कापा

सेटिंगला हात लावण्याआधी गळणारे चार-पाच पीस घ्या. बुडबुडे जिथून येतात तिथे मार्करने खूण करा, खुणेवरून हॅक्सॉने कापा, कापलेला भाग पॉलिश पेपरवर पाणी घालून घासा. १२० नंबरपासून सुरू करून ६०० पर्यंत जा. मग दहा पटीच्या भिंगातून बघा.

भोक गोल आणि आतून गुळगुळीत, चकचकीत असेल तर तिथे वायू अडकला होता. तो हवा असेल, पाण्याची वाफ असेल, धातूत विरघळलेला हायड्रोजन असेल किंवा प्लंजरच्या तेलाचा धूर असेल. आतला पृष्ठभाग काळपट दिसला तर तेलाचा संशय आधी घ्या. भोक वेडंवाकडं, खरखरीत, कडा फाटल्यासारखी असेल आणि नेमकं जाड भागाच्या पोटात असेल, तर ते आकसण्याचं भोक. हे ॲल्युमिनियम मिश्रधातू गोठताना साधारण ४ ते ६ टक्के आकसतात. त्या जागेत नवा धातू पोहोचला नाही की पोकळी राहते. भिंतीतून आरपार जाणारी बारीक रेघ आणि तिच्या दोन्ही कडा गोलसर असतील तर तो कोल्ड शट: दोन प्रवाह भेटले, पण एकजीव झाले नाहीत.

जागाही बघा. प्रत्येक पीसमध्ये भोक त्याच ठिकाणी असेल तर दोष बहुधा डायमधल्या प्रवाहात, व्हेंटमध्ये (हवा बाहेर जायची बारीक फट) किंवा उष्णतेत आहे. दर पीसला जागा बदलत असेल तर हवा डायमध्ये शिरण्याआधीच, स्लीव्हमध्ये, धातूत मिसळली आहे. टाचणीच्या टोकाएवढी भोकं जाड भागात सगळीकडे विखुरलेली असतील तर हायड्रोजन.

आमच्या कव्हरमध्ये दोन वेगळे आजार होते. मोठी, गोल, जागा बदलणारी भोकं, आणि बॉसच्या पोटात खरखरीत पोकळी. दोन्हींना पोरोसिटी हा एकच शब्द वापरला जात होता, म्हणून दोन्हींवर एकच उपाय शोधला जात होता.

भट्टी: तापवण्याचा मोह

किर्लोस्करवाडी १९१० ची. शेजारी कोल्हापूरच्या फाउंड्र्या. या पट्ट्यात ओतकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे, पण त्यातलं बहुतेक वाळूच्या साच्याचं आणि बिडाचं. वाळूच्या साच्यात पीस भरला नाही तर धातू आणखी गरम ओतायचा, हे तिथलं पहिलं शहाणपण, आणि तिथे ते बरोबर आहे. डाय कास्टिंगमध्ये धातू साच्यात उतरत नाही, मारला जातो. साचा भरायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. इथे भरणं हे आधी वेगाचं आणि डायच्या उबेचं काम असतं, भट्टीचं नंतर.

कव्हरचा धातू एडीसी १२ हा ॲल्युमिनियम मिश्रधातू होता: सिलिकॉन ९.६ ते १२ टक्के, तांबं १.५ ते ३.५ टक्के. तो सुमारे ५८० अंश सेल्सिअसला गोठायला लागतो आणि ५१५ च्या आसपास पूर्ण घट्ट होतो. वितळलेला धातू गरम ठेवणाऱ्या होल्डिंग भट्टीत ६४० ते ६८० अंश पुरेसे आहेत. त्याच्या वर नेलेला प्रत्येक अंश हायड्रोजन वाढवतो, वरची साय जाड करतो, आकसणं वाढवतो आणि डायला चिकटणंही वाढवतो. आम्ही ७१० ला नेलं होतं. पहिलं काम म्हणून ते ६६० वर आणलं, आणि भट्टीच्या मीटरवर भरवसा न ठेवता थर्मोकपल थेट धातूत बुडवून पडताळलं.

हायड्रोजनचं समजून घ्या, कारण आपल्याकडे पावसाळ्यात तो खरंच त्रास देतो. वितळलेलं ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मोकळा झालेला हायड्रोजन धातूत विरघळतो. द्रव ॲल्युमिनियमात तो जेवढा मावतो, त्याच्या जवळजवळ विसाव्या हिश्श्याएवढाच घट्ट ॲल्युमिनियमात मावतो. धातू गोठला की उरलेला बाहेर पडू बघतो, आणि वाट न मिळाल्यास भोक होऊन बसतो. वाई-साताऱ्याकडचा पाऊस असो की सांगलीची दमट हवा, इंगट (धातूच्या विटा) उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवू नका. छपराखाली, जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवा. भट्टीत टाकण्याआधी भट्टीच्या काठावर पूर्ण सुकेपर्यंत तापवा. हे गुणवत्तेसाठी जेवढं, त्याहून जास्त माणसांसाठी आहे. ओला इंगट किंवा ओली कडछी धातूत गेली तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू स्फोटासारखा उडतो. तेलकट चिप्सही या भट्टीत नकोत.

डिगॅसिंगला, म्हणजे धातूतला हायड्रोजन काढायला, फिरता रोटर आणि कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन वापरा. वेळ भट्टीच्या आकारावर ठरते, आम्ही आठ ते दहा मिनिटं द्यायचो. रोटर इतक्या जोरात फिरवू नका की वर भोवरा पडेल. भोवरा हवा आत ओढतो आणि केलेलं काम उलटं होतं. साध्या पाइपनेही गॅस सोडता येतो, पण बुडबुडे मोठे निघतात आणि भराभर वर निसटतात, त्यामुळे उपयोग कमी.

झालं की नाही हे तपासायला दोन छोटे नमुने घ्या. एक हवेत गोठू द्या, दुसरा व्हॅक्यूमच्या भांड्यात, ८० मिलिबारला. दोघांची घनता पाण्यात तोलून काढा. हवेतल्या नमुन्याची २.६८ आणि व्हॅक्यूममधल्याची २.६० आली, तर फरक ०.०८, त्याला २.६८ ने भागून शंभराने गुणलं की जवळपास ३. हा डेन्सिटी इंडेक्स. गळती चालणार नाही अशा पीससाठी मी तो २ च्या आत आल्याशिवाय धातू मशीनकडे जाऊ देत नाही. आमचा त्या दिवशी १.६ आला. म्हणजे पाऊस असूनही मुख्य गुन्हेगार हायड्रोजन नव्हता. हे एका तासात कळलं, नाहीतर पावसालाच दोष देत बसलो असतो.

रसायनातलं एक नेहमी विसरलं जातं. लोखंड फार कमी झालं, साधारण ०.७ टक्क्याखाली, तर ॲल्युमिनियम डायच्या पोलादाला चिकटतं. जास्त झालं तर मँगनीज आणि क्रोमियमसोबत मिळून भट्टीच्या तळाशी जड, कठीण खडे बसतात. हाच स्लज. पीसमध्ये आला की ड्रिल तुटतात. हिशेब सोपा आहे: लोखंडाचा टक्का, अधिक मँगनीजची दुप्पट, अधिक क्रोमियमची तिप्पट. ०.९ लोखंड, ०.२५ मँगनीज, ०.०६ क्रोमियम असेल तर ०.९ + ०.५ + ०.१८ म्हणजे १.५८. बेरीज १.८ च्या आत ठेवा. आणि होल्डिंगचं तापमान ६४० च्या खाली घसरू देऊ नका. थंड भट्टीत स्लज लवकर पडतो.

डायची ऊब आणि एक थेंब पाणी

माझ्या मते डायचं तापमान ही या धंद्यातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट आहे. मशीनच्या पडद्यावर ती दिसत नाही, म्हणून मनातही राहत नाही.

धातू आत येण्याच्या क्षणी डायचा पृष्ठभाग १८० ते २४० अंशांत हवा. १५० च्या खाली गेला की प्रवाहाच्या खुणा आणि कोल्ड शट. २८० च्या वर गेला की चिकटणं, फोड, आणि त्यावर उपाय म्हणून ऑपरेटरचा हात स्प्रेवर जास्त वेळ. डायवर पाच जागा ठरवा: गेटजवळ (धातू पीसच्या पोकळीत शिरतो ते अरुंद तोंड), जाड भागासमोर, सर्वात लांबच्या टोकाला आणि दोन बाजूंना. प्रत्येक ठिकाणी दोनदा मोजा, पीस निघाल्याबरोबर आणि स्प्रेनंतर डाय मिटण्याआधी. लाल ठिपक्याची इन्फ्रारेड गन चकचकीत पोलादावर कमी आकडा दाखवते. शक्य असेल तिथे स्पर्शाचं थर्मामीटर वापरा, किंवा गनचा आकडा त्याच्याशी एकदा जुळवून घ्या.

सकाळी डाय तापवायला गरम तेलाचं युनिट किंवा गॅसचा बर्नर वापरा, १५० ते २०० अंशांपर्यंत. धातूचे शॉट मारूनच थंड डाय तापवायची सवय डायच्या एच १३ पोलादाला महागात पडते. उष्णतेच्या झटक्याने पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा पडतात, आणि मग त्या प्रत्येक पीसवर उमटतात. वीज गेली, लॅडल (धातू ओतायची कडछी) अडकला, जेवणाची सुट्टी झाली, काहीही झालं तरी मशीन पाच-सात मिनिटं थांबलं की नंतरचे आठ-दहा पीस परतीच्या डब्यात टाका. ते दिसायला चांगले असले तरी. सायकल दर शॉटला तेवढ्याच सेकंदांची राहिली तरच डायचं तापमान स्थिर राहतं. एक शॉट ४५ सेकंदांत आणि पुढचा ७० सेकंदांत निघत असेल तर बाकीच्या सेटिंगला अर्थ उरत नाही.

स्प्रे हा पीस सुटण्यासाठी आहे, डाय थंड करण्यासाठी नाही. थंड करणं आतल्या पाण्याच्या लाइनचं काम. पाण्यातला डाय कोट सहसा १:८० ते १:१२० असा पातळ करतात. पुरवठादाराचं प्रमाण पाळा आणि ते डोळ्याने न ठरवता मोजा. स्प्रेनंतर हवेचा झोत मारून कोपऱ्यातलं, कोअर पिनच्या (पीसमध्ये भोक ठेवणारी डायमधली सळई) मुळातलं पाणी उडवा. एका थेंबाने काय होणार असं वाटतं. थेंब सुमारे ०.०५ सीसी. त्याची वाफ, वातावरणाच्या दाबाला, सुमारे ८५ सीसी होते. आमच्या कव्हरची आणि ओव्हरफ्लोची (पुढचा थंड, मळका धातू साठायला डायमध्ये ठेवलेले कप्पे) मिळून सगळी जागा होती २८० सीसी.

आतल्या लाइनसाठी बोअरचं जड पाणी वापरत असाल तर तिच्यात क्षाराचा थर बसतो आणि डाय बाहेरून कितीही भिजवला तरी आतून तापलेलाच राहतो. महिन्यातून एकदा प्रत्येक लाइनचं पाणी बादलीत धरा आणि मिनिटाला किती लिटर येतं ते घड्याळ लावून मोजा. आकडा गेल्या महिन्यापेक्षा घसरला की लाइन साफ करायची वेळ झाली. एवढी साधी तपासणी पुष्कळ रिजेक्शन वाचवते.

स्लीव्हचं गणित

आता मूळ दुखण्याकडे. कागद-पेन घेऊन बसा.

पीस ६०० ग्रॅम, ओव्हरफ्लो १०० ग्रॅम. गेटच्या पलीकडे जाणारा धातू ७०० ग्रॅम. द्रव धातूची घनता सुमारे २.५ धरली तर २८० सीसी. रनरमध्ये (स्लीव्हपासून गेटपर्यंतची वाट) ६९ सीसी. बिस्किट, म्हणजे शॉटनंतर स्लीव्हच्या टोकाला उरणारी धातूची चकती, २५ मिलिमीटर जाड हवं. स्लीव्हची उपयोगी लांबी ३५० मिलिमीटर.

जुनी ५० ची स्लीव्ह: काटछेद १९.६ चौरस सेंटिमीटर. बिस्किटसह एकूण धातू सुमारे ३९८ सीसी, स्लीव्हची क्षमता ६८७. भराव ५८ टक्के.

नवी ६० ची स्लीव्ह: काटछेद २८.३. बिस्किट मोठं झाल्याने एकूण धातू ४२० सीसी, क्षमता ९९०. भराव ४२ टक्के.

भराव ३० ते ६० टक्क्यांत असला की चालतो, पण जेवढा कमी तेवढी धातूच्या वर हवा जास्त. ५० च्या स्लीव्हमध्ये २८९ सीसी हवा होती, ६० मध्ये ५७० झाली. ती सगळी धातूच्या पुढे, गेटमधून, व्हेंटमधून बाहेर काढायची आहे.

पहिला टप्पा, हळू शॉट. प्लंजर पुढे सरकताना धातूची लाट उठते. वेग फार कमी असेल तर लाट प्लंजरच्या पुढे पळते, समोरच्या डायवर आपटून परत येते आणि हवा आपल्याखाली घेते. वेग फार जास्त असेल तर लाट वरून कोसळते आणि हवा गिळते. मधला एक वेग असा असतो की लाट स्लीव्हच्या छतापर्यंत पोहोचते आणि हवेला समोर ढकलत नेते. भराव कमी झाला की हा वेग वाढतो. ५८ टक्के भरावाला तो सेकंदाला ०.३० मीटरच्या आसपास येतो, ४२ टक्क्यांना ०.४५ च्या. आम्ही अजून ०.३० वरच होतो. प्लंजर ओतण्याच्या तोंडापुढे जाईपर्यंत मात्र ०.१ ते ०.२ ठेवा, नाहीतर धातू तोंडातून बाहेर उसळतो आणि ऑपरेटर भाजतो.

दुसरं, जलद शॉट कुठे सुरू करायचा. धातूचं तोंड गेटला टेकलं की. गेटपलीकडे २८० सीसी जायचा आहे, म्हणून २८० ला प्लंजरच्या काटछेदाने भागा. ५० च्या प्लंजरला १४.३ सेंटिमीटर, ६० ला ९.९. बिस्किट २५ मिलिमीटर ठेवलं तर स्ट्रोक ३२५ ला संपतो. म्हणजे जलद शॉटची जागा जुन्या स्लीव्हला १८२ मिलिमीटर, नव्या स्लीव्हला २२६.

मशीनवर १८२ च होतं. आणि ६० च्या स्लीव्हमध्ये धातू छताला टेकून स्लीव्ह पूर्ण भरते कुठे? ४२० सीसी धातूने १४९ मिलिमीटर व्यापली, म्हणजे प्लंजर २०१ वर आल्यावर. स्लीव्ह भरायला १९ मिलिमीटर बाकी असतानाच आम्ही प्लंजर जोरात हाणत होतो. हवा धातूत घुसळली जात होती. दर पीसला जागा बदलणारी ती गोल भोकं इथली होती.

तिसरं, जलद शॉटचा वेग. अडीच-तीन मिलिमीटरच्या भिंतीसाठी भरण्याचा वेळ ४० मिलिसेकंद धरला होता. २८० सीसी ०.०४ सेकंदात, म्हणजे सेकंदाला ७,००० सीसी. गेटचं क्षेत्रफळ १७५ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की गेटमधला वेग सेकंदाला ४० मीटर. ॲल्युमिनियमसाठी ३० ते ५० मीटरचा पट्टा चांगला. त्यासाठी ५० च्या प्लंजरला सेकंदाला ३.५७ मीटर लागायचे, ६० ला फक्त २.४८. आम्ही साडेतीनवर ठेवल्याने गेटमधला वेग ५६ मीटरच्या पुढे गेला होता. एवढ्या वेगाने गेटसमोरचं पोलाद झिजतं, आणि भरण्याच्या शेवटी प्लंजरचा धक्का डाय उघडू बघतो. फ्लॅश येत होता तो नुसत्या वाढवलेल्या प्रेशरमुळे नव्हे, या धक्क्यामुळेही.

हिशेब करून आकडे भरले की ते शॉट मारून पडताळायचे. जलद शॉट बंद ठेवून फक्त हळू शॉटवर प्लंजर २१०, २२०, २३० ला थांबवत तीन अर्धवट पीस काढा आणि धातू गेटपर्यंत कुठे पोहोचतो ते डोळ्याने बघा. सुरक्षेचा गार्ड लावलेला असू द्या आणि डायच्या जोडरेषेच्या समोर उभे राहू नका. तिथून धातू उडतो. प्लंजरला वेग पकडायला काही मिलिमीटर लागतात, तेवढं पुढेमागे करा. आमचं शेवटी २२२ वर स्थिरावलं.

दाब शेवटी

भरणं संपलं की तिसऱ्या टप्प्यात दाब वाढतो. गळती नको असलेल्या पीससाठी धातूवर ६०० ते ८०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर लागतात. मशीनवर दिसतो तो तेलाचा दाब. धातूवरचा दाब प्लंजरच्या व्यासाच्या वर्गाने घटतो. ५० वर ८०० मिळत असेल तर त्याच तेलाच्या दाबात ६० वर ५५५. स्लीव्ह बदलली तेव्हा मीटरचा काटा हललासुद्धा नव्हता आणि पीसवरचा दाब तीस टक्क्यांनी उतरला होता.

वाढवण्याआधी मशीनचं टनेज बघा. पीस, रनर, ओव्हरफ्लो आणि बिस्किट यांची समोरून दिसणारी सावली २६० चौरस सेंटिमीटर. ७०० किलोच्या दाबाला १८२ टन, वीस टक्के राखीव धरले तर २१८. २५० टनांच्या मशीनला झेपतं. आम्ही ७०० ला बसवलं.

दाबाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. तो अडकलेली हवा बाहेर काढत नाही. तिला दाबून लहान करतो आणि आतच कोंडतो. म्हणून भोकं एक्स-रेमध्ये कमी दिसतात, आणि तोच पीस पावडर कोटिंगच्या भट्टीत १८० ते २०० अंशांना गेला की फुगून फोड येतात. आधी हवा कमी करा, मग दाब द्या. आकसण्यावर मात्र दाब खरंच काम करतो, पण गेट आणि बिस्किट मऊ आहेत तोवरच. बिस्किट १० मिलिमीटरवर आलं की ते आधी गोठतं आणि दाब पुढे पोहोचतच नाही. लॅडलमध्ये साय साचून धातू कमी-जास्त येत असेल तर बिस्किटची जाडी दर शॉटला बदलते. दर तासाला पाच बिस्किटं कॅलिपरने मोजा; २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी लॅडल साफ करा.

बॉसमधली पोकळी एवढ्याने पूर्ण गेली नाही. बॉस गेटपासून लांब, वाटेत पातळ भिंत. ती आधी गोठायची आणि बॉसला धातू मिळायचा नाही. तिथे कोअर पिनमध्ये आतून पाण्याचं जेट कूलिंग घेतलं, म्हणजे बॉसही भिंतीसोबत गोठू लागला. नवीन डाय बनवायला देत असाल तर अशा बॉसचा पोटातला भाग कोअरने पोकळ करायला ग्राहकाला पटवा. ड्रॉइंगवर केलेला बदल हा मशीनवरच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा स्वस्त पडतो.

व्हेंट आणि ओव्हरफ्लोची तोंडं दर शिफ्टला बघा. ॲल्युमिनियमसाठी व्हेंटची खोली ०.१० ते ०.१५ मिलिमीटर, त्यात फ्लॅशचा पातळ पापुद्रा अडकला की ती बंदच. प्लंजरचं तेलही मोजून. जास्त टाकलं की जळून धूर होतो आणि तो थेट पीसमध्ये जातो.

ट्रायल कसा घ्यावा

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केल्यावर डाय स्थिर व्हायला दहा शॉट सोडा, मग सलग वीस पीस क्रमांक घालून बाजूला ठेवा. प्रत्येकाचं वजन करा. पाच पीस कापा, पंधरा मशीनिंगला पाठवून गळती बघा. क्रम असा: डायचं तापमान, धातू, हळू शॉट, जलद शॉटची जागा, जलद वेग, दाब, आणि शेवटी डाय उघडण्याचा वेळ. वरची पायरी स्थिर होईपर्यंत खालच्या पायरीला हात लावायचा नाही. उत्पादन थांबलंय, ग्राहकाचा फोन येतोय, अशा वेळी चार नॉब एकदम फिरवायची घाई होते. सुधारणा झालीच, तरी ती कशाने झाली ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच उभे राहतो.

मॅग्नेशियमकडे वळणाऱ्यांसाठी थोडक्यात. घनता १.८, ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश. लहान पीस हॉट चेंबरवर (ज्यात प्लंजर भट्टीतल्या धातूतच बुडालेला असतो), मोठे कोल्ड चेंबरवर. गोठतं लवकर, म्हणून भरण्याचा वेळ आणखी कमी आणि गेटचा वेग जास्त. वितळलेलं मॅग्नेशियम हवेत पेट घेतं, त्यामुळे वर संरक्षक वायूचं आवरण लागतंच. त्यासाठी वापरला जाणारा सल्फर हेक्साफ्लोराइड कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त तापमानवाढ करणारा आहे, पर्याय असेल तर तो घ्या. आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर किंवा त्याच्या चिप्सवर पाणी कधीही टाकायचं नाही. आग विझत नाही, भडकते. ॲल्युमिनियमच्या शॉपमध्ये एका कोपऱ्यात सहज सुरू करावं असं हे काम नाही.

कव्हरच्या मशीनिंगमध्येही एक दुरुस्ती केली. डाय कास्ट पीसचा वरचा अर्धा-एक मिलिमीटरचा थर डायला लागून झटकन गोठतो, म्हणून घट्ट असतो. भोकं असतात ती त्याच्या आत. आमच्याकडे सीलिंगच्या बाजूने १.२ मिलिमीटर काढलं जात होतं, म्हणजे चांगली कातडी सोलून आतली भोकं उघडी करत होतो. डायमध्ये दुरुस्ती करून ते ०.४ वर आणलं. आणि मशीनवर लटकवलेल्या सेटिंग शीटच्या सर्वात वर, पीसच्या नावाच्याही आधी, दोन रकाने वाढवले: स्लीव्हचा व्यास, आणि आज मोजलेल्या बिस्किटची जाडी. शिफ्ट बदलताना येणारा सेटर टिप स्वतः कॅलिपरने मोजून पहिला रकाना भरतो, मगच मशीन ऑटोवर जातं.